खासगी विद्यापीठ (भारत)

खासगी विद्यापीठ म्हणजे राज्य विधिमंडळाच्या कायद्याने स्थापन झालेले, परंतु सार्वजनिक न्यास, नोंदणीकृत संस्था किंवा ना-नफा कंपनी यांसारख्या खासगी प्रायोजक मंडळाच्या निधीवर चालणारे विद्यापीठ होय. महाराष्ट्रात अशा विद्यापीठांस स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठ असेही म्हणतात. भारतात अशा विद्यापीठांची संख्या ४५० हून अधिक आहे. त्यांचा खर्च प्रामुख्याने विद्यार्थ्यांच्या शुल्कातून भागत असल्यामुळे प्रवेश घेण्यापूर्वी विद्यार्थी व पालक यांना तीन बाबींचा विचार करावा लागतो : संपूर्ण अभ्यासक्रमाचा एकूण खर्च, प्रवेशाची पद्धत आणि पदवीनंतर मिळणारे उत्पन्न. या तीनही बाबींची माहिती वेगवेगळ्या ठिकाणी विखुरलेली असते, आणि जाहिरातीत दिसणारे आकडे व प्रत्यक्ष स्थिती यांत बरेचदा अंतर असते.

संकल्पना व प्रकार

भारतात विद्यापीठ ही संज्ञा कायद्याने बांधलेली आहे. विद्यापीठ अनुदान आयोग अधिनियम, १९५६ च्या कलम २२ नुसार केंद्रीय अथवा राज्य कायद्याने स्थापन झालेली विद्यापीठे, कलम ३ खालील अभिमत विद्यापीठे आणि संसदेने विशेष अधिकार दिलेल्या संस्था यांनाच पदवी देता येते. खासगी व्यवस्थापनाच्या उच्चशिक्षण संस्थांचे त्यामुळे तीन प्रमुख प्रकार पडतात.

१. खासगी विद्यापीठ : राज्याच्या कायद्याने स्थापन होते. ते एकात्म स्वरूपाचे असते, म्हणजेच त्यास इतर महाविद्यालये संलग्न करून घेता येत नाहीत.

२. अभिमत विद्यापीठ : आयोगाच्या शिफारशीवरून केंद्र सरकार कलम ३ अन्वये एखाद्या संस्थेला हा दर्जा देते. पिलानी येथील बिर्ला तंत्रज्ञान व विज्ञान संस्था, पुण्यातील भारती विद्यापीठ व सिम्बायोसिस ही या प्रकारची उदाहरणे आहेत.

३. विनाअनुदानित महाविद्यालय : व्यवस्थापन खासगी असले, तरी पदवी संलग्न शासकीय विद्यापीठाची असते.

बोलीभाषेत या तिन्हींना सरसकट ‘प्रायव्हेट’ म्हटले जाते. तथापि शुल्क कोण ठरवतो, प्रवेश कोण देतो आणि शासकीय शुल्कसवलत मिळते की नाही, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे प्रकारानुसार बदलतात. म्हणून संस्था नेमकी कोणत्या प्रकारात मोडते, हे पाहणे ही मूल्यमापनाची पहिली पायरी ठरते. मान्यताप्राप्त विद्यापीठांची राज्यवार यादी तसेच बनावट विद्यापीठांची यादी आयोग आपल्या संकेतस्थळावर प्रसिद्ध करतो.

इतिहास

महाराष्ट्रात वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना १९८३ मध्ये विनाअनुदानित तत्त्वावर खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी देण्यात आली. शिक्षणासाठी कर्नाटकात जाणाऱ्या विद्यार्थ्यांना राज्यातच सोय उपलब्ध झाली. त्याबरोबरच देणगीचा प्रश्नही पुढे आला. प्रवेशासाठी ठरलेल्या शुल्काव्यतिरिक्त रक्कम घेण्यास मनाई करणारा कॅपिटेशन फी प्रतिबंधक अधिनियम राज्याने १९८७ मध्ये केला.

राज्य कायद्याने खासगी विद्यापीठ स्थापन करण्याची प्रथा १९९० च्या दशकात सुरू झाली. १९९५ च्या कायद्याने स्थापन झालेले सिक्कीम मणिपाल विद्यापीठ हे त्यांतील सुरुवातीचे उदाहरण होय. छत्तीसगढ राज्याने २००२ मध्ये केलेल्या कायद्यामुळे केवळ अधिसूचना काढून विद्यापीठ स्थापन करणे शक्य झाले आणि अल्पावधीत तेथे शंभराहून अधिक विद्यापीठे कागदोपत्री अस्तित्वात आली. त्यांपैकी अनेकांकडे इमारत, ग्रंथालय किंवा अध्यापकवर्ग नव्हता. विद्यापीठ अनुदान आयोगाचे माजी अध्यक्ष प्रा. यशपाल यांनी या कायद्यास आव्हान दिले. ११ फेब्रुवारी २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यातील संबंधित कलमे घटनाबाह्य ठरवली व त्यांखाली स्थापन झालेली विद्यापीठे संपुष्टात आली. त्यांत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचे नुकसान टळावे म्हणून संबंधित संस्थांना राज्यातील शासकीय विद्यापीठांशी संलग्न करण्याचा विचार व्हावा, असे न्यायालयाने सुचवले. आयोगाने खासगी विद्यापीठांची स्थापना व दर्जा यांविषयीचे विनियम २००३ मध्येच केले होते. या निकालानंतर प्रत्येक विद्यापीठासाठी विधिमंडळाचा कायदा आवश्यक असल्याचे तत्त्व दृढ झाले.

त्यानंतरच्या काळात ओ. पी. जिंदल विद्यापीठ (२००९), अझीम प्रेमजी विद्यापीठ (२०१०) व अशोका विद्यापीठ (२०१४) यांसारखी विद्यापीठे स्थापन झाली. महाराष्ट्रात २०१४ पासून विधिमंडळाने अनेक खासगी विद्यापीठांचे कायदे संमत केले.

शुल्क व एकूण खर्च

कायदेशीर चौकट

टी. एम. ए. पै प्रतिष्ठान (२००२) व पी. ए. इनामदार (२००५) या खटल्यांतील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांनी खासगी संस्थांच्या शुल्काची चौकट निश्चित केली. विनाअनुदानित संस्थांना आपले शुल्क ठरवण्याचे आणि विकासासाठी वाजवी शिल्लक ठेवण्याचे स्वातंत्र्य आहे. मात्र नफेखोरी व देणगी यांस मनाई आहे, असे तत्त्व त्यांत मांडले गेले. महाराष्ट्रात व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या विनाअनुदानित महाविद्यालयांचे शुल्क २०१५ च्या अधिनियमाखालील शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. खासगी विद्यापीठाचे शुल्क मात्र त्या त्या विद्यापीठाच्या कायद्यातील तरतुदींनुसार ठरते. त्यामुळे एकाच संस्थाचालकाच्या, शेजारी-शेजारी असलेल्या महाविद्यालयाचे व विद्यापीठाचे शुल्क निराळे असू शकते.

शासकीय शुल्कसवलत

मध्यम व अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांच्या दृष्टीने हा सर्वांत महत्त्वाचा भेद आहे. महाराष्ट्रात राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेनुसार वार्षिक आठ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील पात्र विद्यार्थ्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात ५० टक्के सवलत मिळते. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील पात्र विद्यार्थिनींसाठी हा लाभ शैक्षणिक वर्ष २०२४–२५ पासून १०० टक्के करण्यात आला. हा लाभ केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्यांसाठी असून खासगी अभिमत विद्यापीठे व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे या योजनेतून वगळलेली आहेत. म्हणजेच संलग्न महाविद्यालयात ज्या विद्यार्थिनीचे शिक्षण शुल्क शासनाने भरले असते, तिनेच खासगी विद्यापीठ निवडल्यास ते संपूर्ण शुल्क कुटुंबावर पडते.

खर्चाची मोजणी

माहितीपत्रकात ठळकपणे छापलेली रक्कम बहुधा पहिल्या वर्षाच्या शिक्षण शुल्काची असते. एकूण खर्चात पुढील बाबी मिळवाव्या लागतात :

• विकास शुल्क, परीक्षा शुल्क, ग्रंथालय व प्रयोगशाळा शुल्क
• परत मिळणारी अनामत आणि परत न मिळणारे नोंदणी शुल्क
• वसतिगृह, भोजन, धुलाई, बससेवा
• संगणक, गणवेश, अभ्याससहली, बाहेरगावच्या आंतरवासितेचा खर्च
• दरवर्षीची शुल्कवाढ
• अनुत्तीर्ण विषयांच्या पुनर्परीक्षेचे शुल्क

उदाहरणादाखल, पहिल्या वर्षाचे शिक्षण शुल्क ३ लाख रुपये असून ते दरवर्षी १० टक्क्यांनी वाढत असेल, तर चार वर्षांची बेरीज १२ लाख नव्हे, तर सुमारे १३ लाख ९२ हजार रुपये होते. वसतिगृह व भोजन यांसाठी वर्षाला दीड लाख रुपये धरल्यास एकूण खर्च २० लाखांच्या जवळ पोहोचतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार कला, वाणिज्य व विज्ञान शाखांत तीन वर्षांच्या पदवीबरोबरच चार वर्षांच्या पदवीचा पर्याय उपलब्ध झाल्याने या शाखांतही एका अतिरिक्त वर्षाचा खर्च हिशेबात घ्यावा लागतो.

अनेक विद्यापीठे गुणवत्तेवर किंवा आर्थिक गरजेवर आधारित शिष्यवृत्ती देतात. गुणवत्ता शिष्यवृत्ती बहुधा दरवर्षी ठरावीक श्रेणी राखण्याच्या अटीवर चालू राहते. पहिल्या वर्षी मिळालेली सवलत दुसऱ्या वर्षी बंद झाल्यास अभ्यासक्रम अर्ध्यावर सोडण्याची वेळ येऊ शकते. त्यामुळे सवलतीची रक्कम, कालावधी व अटी लेखी स्वरूपात असणे आवश्यक मानले जाते.

शुल्क परतावा

प्रवेश रद्द करणाऱ्या विद्यार्थ्याला शुल्क परत देण्याविषयी आयोगाने ऑक्टोबर २०१८ मध्ये अधिसूचना काढली. प्रवेशाच्या अंतिम तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी अर्ज केल्यास १०० टक्के, १५ दिवसांपेक्षा कमी अवधी उरला असता ९० टक्के, अंतिम तारखेनंतर १५ दिवसांत ८० टक्के आणि १५ ते ३० दिवसांत ५० टक्के रक्कम परत करावी लागते. त्यानंतर परतावा देणे बंधनकारक नाही. नंतरच्या काही वर्षांत आयोगाने अधिक उदार तारखा दिल्या. २०२४–२५ साठी ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द करणाऱ्यांना पूर्ण शुल्क परत देण्याचे निर्देश होते. विद्यार्थ्याची मूळ प्रमाणपत्रे संस्थेने ताब्यात ठेवणेही आयोगाने निषिद्ध ठरवले आहे.

प्रवेश

खासगी विद्यापीठांत प्रवेशाचे प्रामुख्याने चार मार्ग आढळतात : राष्ट्रीय परीक्षा (जेईई मेन, सीयूईटी, क्लॅट इत्यादी), राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा, विद्यापीठाची स्वतःची परीक्षा, आणि बारावीचे गुण व मुलाखत. वैद्यकीय व दंतवैद्यकीय पदवीसाठी मात्र सर्व प्रकारच्या संस्थांना नीट बंधनकारक आहे. अनिवासी भारतीयांसाठी जास्तीत जास्त १५ टक्के जागा ठेवता येतील, अशी मर्यादा इनामदार निकालात घालण्यात आली. राज्यघटनेच्या ९३ व्या दुरुस्तीने समाविष्ट झालेल्या अनुच्छेद १५(५) मुळे खासगी शिक्षणसंस्थांतील प्रवेशात मागासवर्गीयांसाठी विशेष तरतूद करण्याचा अधिकार राज्यांना मिळाला. प्रत्यक्षात राखीव जागांचे प्रमाण त्या त्या राज्याच्या कायद्यावर अवलंबून असते.

अर्ज किती आले व प्रवेश किती जणांना मिळाला, हे गुणोत्तर प्रसिद्ध करण्याची प्रथा भारतात फारशी नाही. केवळ कठीण परीक्षा घेतली जाते यावरून संस्थेची निवडकता ठरत नाही. मंजूर जागांपैकी किती भरल्या आणि शेवटचा प्रवेश कोणत्या गुणांवर झाला, हे आकडे अधिक बोलके असतात. मोठ्या प्रमाणावर रिक्त राहणाऱ्या जागा मागणी कमी असल्याचे दर्शवतात. ‘आज जागा निश्चित न केल्यास शुल्क वाढेल’ अशा स्वरूपाचा आग्रह, मध्यस्थांमार्फत प्रवेश आणि पावतीविना रोख रक्कम हे धोक्याचे संकेत होत.

अभ्यासक्रमाची मान्यता ही विद्यापीठाच्या मान्यतेहून स्वतंत्र बाब आहे. विद्यापीठ आयोगाच्या यादीत असले, तरी वैद्यकीय अभ्यासक्रमासाठी राष्ट्रीय वैद्यक आयोगाची, विधी अभ्यासक्रमासाठी भारतीय विधिज्ञ परिषदेची, तर औषधनिर्माणशास्त्र व वास्तुकला यांसाठी संबंधित परिषदांची मान्यता लागते. ती नसल्यास पदवी मिळूनही व्यवसाय करण्याची नोंदणी मिळत नाही.

पदवीधरांचे उत्पन्न

नियुक्तीचे आकडे

विद्यापीठांच्या जाहिरातींत सर्वोच्च वार्षिक वेतन, सरासरी वेतन व नियुक्तीची टक्केवारी हे तीन आकडे प्रामुख्याने आढळतात. सर्वोच्च वेतन एकाच विद्यार्थ्याचे असते. सरासरीवर अशा एखाद्या मोठ्या आकड्याचा अवाजवी प्रभाव पडतो. समजा, दहा पदवीधरांपैकी सात जणांना वर्षाला साडेतीन लाख, दोघांना सहा लाख व एकाला चाळीस लाख रुपये मिळाले, तर सरासरी ७ लाख ६५ हजार येते. मध्यक मात्र साडेतीन लाखच राहतो. दहापैकी नऊ जणांचे वेतन सरासरीपेक्षा कमी असते. म्हणून वेतनाची तुलना करताना मध्यक हे माप अधिक विश्वसनीय मानले जाते.

टक्केवारीच्या बाबतीत छेद महत्त्वाचा ठरतो. २०० विद्यार्थ्यांनी प्रवेश घेतला, त्यांपैकी १२० जण नियुक्ती प्रक्रियेस पात्र ठरून नोंदले गेले आणि १०२ जणांना नोकरी मिळाली, तर नोंदणी झालेल्यांच्या तुलनेत हे प्रमाण ८५ टक्के व प्रवेश घेतलेल्यांच्या तुलनेत ५१ टक्के होते. दोन्ही आकडे खरे असले, तरी त्यांचा अर्थ वेगळा आहे. एका विद्यार्थ्याला मिळालेली दोन नियुक्तिपत्रे दोनदा मोजणे, अल्पमुदतीची आंतरवासिता नोकरी म्हणून दाखवणे आणि सर्व शाखांचे आकडे एकत्र करणे यांमुळेही चित्र फुगते.

‘पॅकेज’ या नावाने सांगितली जाणारी रक्कम ही कंपनीला येणारा एकूण खर्च असते. तीत नियोक्त्याचा भविष्यनिर्वाह निधीतील हिस्सा, उपदान, विम्याचा हप्ता, कामगिरीवर अवलंबून असलेले वेतन व एकदाच मिळणारा रुजू होण्याचा बोनस यांचा समावेश असू शकतो. प्रत्यक्ष हाती येणारे मासिक वेतन त्यामुळे बरेच कमी असते.

माहितीचे स्रोत

राष्ट्रीय संस्थात्मक मानांकन आराखडा (एनआयआरएफ) सप्टेंबर २०१५ मध्ये जाहीर झाला व २०१६ मध्ये पहिली क्रमवारी प्रसिद्ध झाली. क्रमांकापेक्षाही तीसाठी संस्थांनी सादर केलेली माहिती विद्यार्थ्यांना अधिक उपयुक्त असते. सहभागी संस्थेने ही माहिती स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवणे अपेक्षित असते. तीत मंजूर जागा, प्रत्यक्ष प्रवेश, ठरलेल्या मुदतीत पदवी पूर्ण करणारे विद्यार्थी, नोकरी मिळालेले विद्यार्थी, त्यांच्या वार्षिक वेतनाचा मध्यक, उच्चशिक्षणासाठी निवड झालेले विद्यार्थी, संपूर्ण शुल्कमाफी मिळालेल्यांची संख्या आणि अध्यापकांचा तपशील दिलेला असतो. या माहितीलाही मर्यादा आहेत. ती संस्थेने स्वतः दिलेली असते, वेतनाचा मध्यक केवळ नोकरी मिळालेल्यांचा असतो आणि अनेक शाखांचे अभ्यासक्रम कालावधीनुसार एकत्र केलेले असतात. मानांकनात भाग न घेतलेल्या संस्थांची अशी माहिती उपलब्धच नसते.

राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद (नॅक) ही १९९४ मध्ये स्थापन झालेली संस्था अध्यापन, संशोधन, सुविधा व प्रशासन यांच्या आधारे श्रेणी देते. ही श्रेणी संपूर्ण संस्थेची असते. तीवरून विशिष्ट अभ्यासक्रमाच्या पदवीधरांचे उत्पन्न समजत नाही. व्यवस्थापन शिक्षणाच्या क्षेत्रात अहमदाबादच्या भारतीय प्रबंध संस्थेच्या पुढाकाराने तयार झालेली नियुक्ती अहवालाची प्रमाणित पद्धत काही संस्था वापरतात. तीत वेतनाचे घटक वेगळे दाखवले जातात आणि अहवालाची तपासणी होते.

अमेरिकेत केंद्रीय शिक्षण विभागाच्या कॉलेज स्कोअरकार्ड या संकेतस्थळावर प्रत्येक संस्थेची शिष्यवृत्ती वजा जाता पडणारी किंमत, पदवी पूर्ण करण्याचे प्रमाण, कर्ज आणि माजी विद्यार्थ्यांच्या उत्पन्नाचा मध्यक दिलेला असतो. उत्पन्नाचे आकडे करविषयक नोंदींवरून घेतले जातात. मात्र त्यांत केंद्रीय आर्थिक साहाय्य घेतलेल्यांचाच समावेश होतो. भारतात संस्थानिहाय उत्पन्नाची कर-नोंदींवर आधारित अशी सार्वजनिक व्यवस्था नाही.

शैक्षणिक कर्ज व परतफेड

खासगी विद्यापीठाचा खर्च अनेक कुटुंबे शैक्षणिक कर्जातून भागवतात. बँकांच्या आदर्श योजनेनुसार अभ्यासक्रमाचा कालावधी व त्यानंतर एक वर्ष हप्ते भरावे लागत नाहीत. परंतु या काळातही व्याजाची आकारणी चालू राहते. आयकर अधिनियमाच्या कलम ८०ई नुसार भरलेल्या व्याजावर जास्तीत जास्त आठ वर्षे करवजावट मिळण्याची तरतूद जुन्या करप्रणालीत आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजनेत एनआयआरएफच्या आधारे निवडलेल्या संस्थांतील विद्यार्थ्यांना तारण व जामीनदार यांविना कर्ज देण्याची सोय आहे. वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या पात्र कुटुंबांतील विद्यार्थ्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर स्थगिती काळात तीन टक्के व्याज सवलत मिळते. सुरुवातीला ८६० संस्था पात्र ठरल्या. निवडलेले विद्यापीठ या यादीत आहे किंवा नाही, यावर कर्जाच्या अटी अवलंबून राहतात.

दहा लाख रुपयांचे कर्ज वार्षिक दहा टक्के व्याजाने दहा वर्षांत फेडायचे असल्यास मासिक हप्ता सुमारे १३,२१५ रुपये येतो व एकूण परतफेड जवळजवळ १५ लाख ८६ हजार रुपये होते. शिक्षणकाळातील व्याज यात धरलेले नाही. वार्षिक साडेतीन लाख रुपये वेतन असणाऱ्या पदवीधराचे कपातीपूर्वीचे मासिक वेतन सुमारे २९,१६७ रुपये असते. म्हणजे जवळजवळ ४५ टक्के रक्कम केवळ हप्त्यात जाते. मोठ्या शहरातील घरभाडे व भोजन यांचा खर्च भागवून हा हप्ता भरणे कठीण असते, आणि थकबाकीचा भार सहकर्जदार असलेल्या पालकांवर येतो. म्हणून कर्जाची रक्कम सर्वोच्च किंवा सरासरी वेतनावरून न ठरवता संबंधित शाखेच्या वेतनाच्या मध्यकावरून ठरवणे सुरक्षित समजले जाते.

तक्रार निवारण

आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार प्रत्येक विद्यापीठात विद्यार्थी तक्रार निवारण समिती व लोकपाल असणे बंधनकारक आहे. माहितीपत्रकात नमूद केलेल्या शुल्कापेक्षा अधिक आकारणी, चुकीची माहिती, शुल्क परताव्यास नकार, मूळ कागदपत्रे अडवून ठेवणे आदी तक्रारी त्यांच्यापुढे मांडता येतात. समितीच्या निर्णयाने समाधान न झाल्यास लोकपालाकडे दाद मागता येते. शिक्षण ही ग्राहक संरक्षण कायद्यातील सेवा ठरते का, याविषयी न्यायनिर्णयांत एकवाक्यता नाही. त्यामुळे माहितीपत्रक, पावत्या व लेखी आश्वासने जपून ठेवण्याला विशेष महत्त्व आहे.

मतमतांतरे

अखिल भारतीय उच्चशिक्षण सर्वेक्षणानुसार २०२१–२२ मध्ये भारतातील उच्चशिक्षणाचे एकूण नोंदणी गुणोत्तर २८.४ टक्के होते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०३५ पर्यंत ते ५० टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. केवळ शासकीय निधीतून एवढा विस्तार शक्य नाही, खासगी विद्यापीठे नवे अभ्यासक्रम जलद सुरू करू शकतात आणि काहींनी गरजू विद्यार्थ्यांसाठी भरीव साहाय्य उभे केले आहे, असा समर्थकांचा युक्तिवाद आहे. शुल्क परवडणाऱ्यांपुरतीच संधी मर्यादित होते, शासकीय सवलती न मिळाल्याने सामाजिक विषमता वाढते आणि मूलभूत विज्ञाने व भाषा यांकडे दुर्लक्ष होते, असा आक्षेप टीकाकार घेतात. उत्पन्न हे शिक्षणाच्या मूल्याचे एकमेव माप नव्हे, याविषयी दोन्ही पक्षांत फारसा मतभेद नाही. मात्र ज्या शिक्षणासाठी कर्ज काढावे लागते, त्याच्या परतफेडीचा हिशेब प्रवेशापूर्वी मांडता यावा इतकी खरी व शाखानिहाय माहिती विद्यार्थ्याच्या हाती असणे आवश्यक आहे, ही मागणी शिक्षणक्षेत्रात सातत्याने होत आली आहे.